अक्काचा फोटो आणि सोळावा धडा

अक्काला इतके दुखत होते, तर तिने मला का सांगितले नाही? हे मी डॉक्टरांना विचारले, आईला विचारले, आमच्या ओसरीवर शिकायला येणाऱ्या बायकांनाही विचारले. तात्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "उद्या प्रिंटर घ्यायला जायचंय ना? वर्गातल्या सोनाबाईलाही बरोबर घे."

एकदा एका वृद्ध मुद्रकाला एक उतावळा शिष्य मिळाला, त्याची ही गोष्ट. मुद्रक म्हणजे तात्या. चाळीस वर्षे त्यांनी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. शिष्य मी. माझी शाळा चौथीत सुटली.

माझी थोरली बहीण, अक्का, कधीच शाळेत न गेलेल्या बायकांना रोज दुपारी वाचायला शिकवत असे. त्यांच्यासाठी तिने वहीत सोळा धडे लिहिले होते. ती गेली तेव्हा पंधरा शिकवून झाले होते, सोळावा वहीतच राहिला. आमच्याकडे वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ एखादी पुस्तिका वाटतात. मी ठरवले, अक्काचे धडेच वाटायचे. घरच्या प्रिंटरवर छापायचे, आणि पुढे तो प्रिंटर वर्गाला ठेवायचा. पहिल्या पानावर अक्काचा फोटो.

दुकानात आम्हाला परवडतील असे दोनच लेझर प्रिंटर होते. दोन्ही खोक्यांवर एकच मजकूर : इंचाला सहाशे ठिपके, म्हणजे छपाई सारखीच बारीक. पहिल्यातून अक्काचा फोटो असा निघाला की गालावरची खळीसुद्धा दिसली. दुसऱ्यातून निघाला तेव्हा तिचा अर्धा चेहरा काळा झाला होता.

"पहिला बांधा," मी म्हणालो. "तो दुसरा डोळ्यांसमोरून न्या."

"थांब जरा," तात्या म्हणाले. त्यांनी दोन्ही यंत्रांवर सोळावा धडा काढायला लावला, लहान अक्षरात. मग दोन्ही कागद उलटे केले, खालचे वर, आणि तसेच न्याहाळत बसले.

दुकानदार हसला. "आजोबा, कागद उलटा धरलाय. चष्मा बदलायला झालाय तुमचा."

"चष्मा ठीक आहे. तुमचं यंत्र बघतोय," तात्या म्हणाले आणि कागद माझ्यापुढे धरले. "आता तू बघ. वाचू नकोस, नुसतं बघ."

मी पाहिले. पहिल्या कागदावर अक्षरे गडद होती, पण सुजलेली. ब आणि ष यांची पोटे शाईने भरून गेली होती, मात्रा खालच्या अक्षराला चिकटल्या होत्या. दुसऱ्यावरची अक्षरे जरा बारीक होती, पण प्रत्येक रेघ आपल्या जागी, प्रत्येक पोट मोकळे.

तरी मी म्हणालो, "सुलट धरल्यावर वाचता येतंय की सगळं!"

तात्यांनी पहिला कागद सोनाबाईंच्या हातात दिला. सोनाबाई पासष्टीच्या, अक्काच्या वर्गातल्या सगळ्यात जुन्या. त्या एकेका शब्दावर अडखळू लागल्या. पदराने चष्मा पुसला, पुन्हा अडखळल्या.

"अहो मावशी, नीट वाचा की!" मी ओरडलो.

त्यांनी कागद खाली ठेवला. "माझंच डोकं दगड, बाबा. अक्का होती तोवर येत होतं. ती गेली, तिच्यामागं तेही गेलं."

तात्यांनी दुसरा कागद पुढे केला. सोनाबाईंनी बोट ठेवले आणि सावकाश वाचले, "बँकेत साहेबांनी... शाईची डबी... पुढे केली. मी म्हणाले, साहेब... अंगठा नको. पेन द्या."

त्या थांबल्या. मग हसल्या, आणि हसता हसता डोळे भरून आले. "हे तर अक्कानं शिकवलंच नव्हतं! हे माझं मीच वाचलं!"

तेव्हा तात्या मला म्हणाले, "लेका, वर्षभर तू ही वही उशाशी घेऊन निजतोस. हा धडा तुला पाठ आहे. अक्षर फुटकं असलं तरी तुझं मन ते भरून काढतं. तू वाचत नव्हतास, अक्काला ऐकत होतास. म्हणून तुला कागद उलटा दाखवला. पुढं काय लिहिलंय हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढं अक्षराची परीक्षा होते. वाईट छापलं तर बिचारा यंत्राला दोष देत नाही, स्वतःला देतो."

"पण तात्या, फोटो? तिचा चेहरा काळा करून कसा वाटू?"

"ते तू ठरव," तात्या म्हणाले. "बहीण तुझी आहे."

मी दोन्ही फोटो खिशात घातले आणि दुकानदाराला दुसरे यंत्र बांधायला सांगितले.

ज्याच्यासाठी लिहायचे त्याच्या डोळ्यांनी आपला कागद एकदा पाहावा, एवढेच मी त्या दिवशी शिकलो. अक्काकडेही मी असाच, पाठ असल्यासारखा पाहत होतो; तिचे दुखणे मला वाचताच आले नव्हते.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर बसून चाळीस पुस्तिका छापल्या, दुमडल्या, दोऱ्याने शिवल्या. पहिल्या पानावर फोटोसाठी जागा सोडलेली होती. तिथे मी सोनाबाईंनी स्वतः वाचलेला अक्काचा सोळावा धडाच छापला होता; फोटो माझ्याजवळच राहिले.