गेणूने सासऱ्यांना मोठं केलं

डोंगराच्या गार उतारावर एक गाव होतं आणि त्या गावात गेणू नावाचा एक भोळा घरजावई होता. सांगितलं की ऐकायचा. एवढाच त्याचा दोष.

सासरे तात्या वाईन करायचे. त्यांनी हट्टाने पिनो न्वार नावाची द्राक्षं लावली होती. पातळ सालीची, ऊन सोसेना, वारा सोसेना. वाईन चांगली व्हायची, पण ती चांगली आहे असं कोणी म्हणत नव्हतं. तसं म्हणायचा अधिकार शहरातल्या रसिक मंडळाकडे होता.

तात्या म्हणाले, "जावईबापू, मंडळात जा. ही माणसं मत कसं बनवतात ते शिकून या. नाहीतर बाग उपटावी लागेल."

"बरं," गेणू म्हणाला.

मंडळाचे अध्यक्ष कारखानीससाहेब. त्यांनी पेला पुढे केला. गेणूने एका दमात रिकामा केला. म्हणाला, "छान आहे."

सगळे हळहळले. "गिळलीत? गेणूराव, घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा, मग मत द्यायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी शेजारी सत्यनारायण होता. भटजींनी तळहातावर तीर्थ घातलं. गेणूने ते तोंडात घोळवलं, खळखळवलं, भटजींच्या सोवळ्यावर थुंकलं आणि म्हणाला, "मध ठीक. तुळस जरा पुढे पुढे करते."

पाठ शेकून घरी आला. बायको हौसा म्हणाली, "अहो, थोरामोठ्यांत आपलं डोकं चालवू नये. ते म्हणतात तेच म्हणावं."

"बरं."

पुढच्या बैठकीत कारखानीससाहेबांनी आधी बाटलीवरचं नाव वाचलं. मग किंमत विचारली. मग डोळे मिटून वास घेतला. "भिजलेला पाचोळा. जुनं चामडं. अजून मिटलेली आहे, दहा वर्षं तळघरात ठेवा, उमलेल."

मंडळातल्या सगळ्यांना लगेच पाचोळ्याचा वास आला. कोणालाच चामडं चुकलं नाही. गेणूही तेच म्हणाला.

"वा! जाण आहे!" साहेब म्हणाले.

गेणू खूश. आठवड्याने शेजारच्या शेवंताच्या नातवाचं बारसं होतं. तिने बाळ गेणूच्या मांडीवर ठेवलं. "कसं आहे, भावजी?"

गेणूने बाळाचा वास घेतला. "भिजलेला पाचोळा. जुनं चामडं. दहा वर्षं तळघरात ठेवा, उमलेल."

या वेळी बायकांनी मारलं. ते जास्त लागलं.

तात्या वैतागले. "जावईबापू, चव राहू द्या, वास राहू द्या. मोठा निर्माता कोणाला म्हणतात, तेवढं विचारून या."

गेणूने विचारलं. साहेब म्हणाले, "सोपं आहे. जो रस दाट व्हावा म्हणून वेलीवरचे घड काढून टाकतो, पीक कमी ठेवतो, तो मोठा. जितकं पीक कमी, तितका निर्माता मोठा."

"आणि सगळ्यात मोठा?"

"ज्याची बाटली मलासुद्धा मिळत नाही, तो."

गेणू घरी आला. तात्या आणि हौसा लग्नाला गेले होते. त्याने कात्री घेतली आणि अर्धे घड उतरवले. मागे सरून बघितलं. तात्या मोठे झाले होते, पण सगळ्यात मोठे नव्हते. मग त्याने उरलेलेही उतरवले.

तात्या परतले आणि बांधावरच बसले. जावयाला मारता येत नाही, म्हणून स्वतःचं कपाळ बडवलं. हौसा रडत म्हणाली, "दारी आलेल्याला 'नाही' म्हणायची वेळ आणलीत हो! दारी आलेल्याला कधी नाही म्हणू नये!"

"बरं," गेणू म्हणाला.

वाईन तयार व्हायच्या दिवसांत गेणूच्या ओळखीने मंडळ बागेवर आलं. तात्यांनी हात जोडले. "साहेब, यंदा एकही बाटली नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "एकही नाही? मलासुद्धा?"

"नाही."

मंडळात कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "मी आधीपासून सांगत होतो, माणूस मोठा आहे." दुसरा म्हणाला, "मला थोडी मिळाली होती. अप्रतिम!" साहेबांनी तात्यांचे हात धरले. "तात्या, पुढच्या वर्षीची सगळी वाईन आमची. म्हणाल त्या भावाने. मिळेल ना?"

तात्यांना आता कळलं होतं. त्यांनी डोंगराकडे बघत सुस्कारा सोडला. "सांगता येत नाही, साहेब."

मंडळ गहिवरलं. साहेब गुडघे टेकून तात्यांच्या पायाशी वाकू लागले.

दारी आलेल्या माणसाचे हे हाल गेणूला बघवेनात. तो धावत पुढे आला. "मिळेल की, साहेब! हवी तेवढी न्या! पिंपंच्या पिंपं भरून देतो!"

साहेब अर्ध्यातून उठले. त्यांनी चष्मा घातला, गुडघे झटकले.

"चला हो," ते मंडळाला म्हणाले. "काही दम नाही यांच्या वाईनमध्ये."