उतारावरची चूल

“…मग महाराज, माझा तोल गेला कुठं?”

भास्करशास्त्रींनी डोंगर चढून आल्या आल्या हे विचारलं. दम लागला होता, घाम निथळत होता, पण प्रश्न आधी आणि नमस्कार मागाहून.

दयालगिरी महाराज गुहेच्या तोंडाशी बसून ज्वारीच्या कण्या निवडत होते. त्यांनी वर पाहिलं, हसले आणि पुन्हा सुपाकडे वळले.

“बस आधी. वारा घे. छान सुटलाय आज, देवाची कृपा.”

शास्त्री बसले. पण गप्प बसणं हे त्यांच्या कुंडलीतच नव्हतं.

शास्त्री म्हणजे डोंगराखालच्या गावचे वैद्य. हाताला यश होतं आणि तोंडाला विश्रांती नव्हती. गावात कुणाला साधा ठसका लागला तरी औषधाच्या आधी माणसानं दिवस कसा घालवावा यावर प्रवचन व्हायचं. आणि एक मान्यच करायला हवं, शास्त्री स्वतः ते पाळायचे. त्यांनी दिवसाचे सारखे हिस्से पाडले होते. एक शरीराचा, एक अभ्यासाचा, एक रोग्यांचा, एक घरचा, एक देवाचा. कुणाला तसूभर कमी नाही, कुणाला तसूभर जास्त नाही.

मोजायला त्यांच्याजवळ तांब्याचं घटिकापात्र होतं. बुडाला बारीक भोक असलेली ही वाटी पाण्यावर सोडली की हळूहळू भरायची आणि डुबुक करून तळाला जायची. हिस्सा संपल्याचं पात्रानं सांगितलं की शास्त्री उठले. मग समोर पोथी असो, पान असो की माणूस असो.

लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा. शास्त्रींनाही ते मनापासून पटलेलं होतं.

“काय बिघडलंय?” महाराजांनी विचारलं.

“सगळंच. पोट जड. झोप नाही. पोथीत डोकं चालत नाही. संध्येला बसलो की चिडचिड होते. रोग्यांवर खेकसतो. आणि महाराज, हिस्सा मात्र एकही चुकवलेला नाही!”

“कधीपासून हे?”

“घरात आजारपण आहे तेव्हापासून.”

“कुणाचं?”

“सगुणाचं. माझ्या पत्नीचं.”

छप्पर गळतंय हे सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं.

“काय होतंय तिला?”

“श्रावणात तिची आई गेली. तेव्हापासून मनानं खचली, खाणं तुटलं, मग तापानं धरलं. काढा अचूक आहे. याच काढ्यानं पाटलांचा म्हातारा उठून बसला. पण ही… कालपासून भिंतीकडे तोंड करून निजलीय. काढासुद्धा घेत नाही.”

“तू बसतोस तिच्यापाशी?”

“म्हणजे काय! रोज. घरच्या हिस्स्यात.” शास्त्री सावरून बसले. निदान इथं तरी आपण कच्चे नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. “कालचंच सांगतो. पात्र बुडालं, मी उठलो. तिनं माझ्या धोतराचा सोगा धरला. म्हणाली, ‘अहो, थोडं बसा ना.’ दुसरा कुणी असता तर विरघळला असता. मी म्हटलं, आज तुझ्यासाठी नियम मोडला तर उद्या कशासाठीही मोडेन. संध्येची वेळ झालीय.”

“मग?”

“मग काय… सोडला तिनं सोगा.”

“काही म्हणाली?”

“‘बरं’ म्हणाली.”

महाराजांचा सुपातला हात थांबला.

…

“आत्ता कोण आहे तिच्याजवळ?”

“शेजारच्या मथुरामावशी आहेत. आजचा घरचा हिस्सा मी सकाळीच…”

वाक्य शास्त्रींनी अर्ध्यावर सोडलं. का सोडलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“भूक लागली बुवा,” महाराज म्हणाले. “रानडुकरांनी माझी चूल उधळून टाकलीय. जरा मांडतोस का?”

आपण एवढं जिवाचं दुखणं घेऊन आलो आणि यांना खायचं सुचतंय, असं शास्त्रींच्या मनात आलं. पण गुरूपुढं बोलायची सोय नव्हती.

गुहेपुढं सपाट जागा अशी नव्हतीच. डोंगराचा उतार थेट दारात आलेला. तरी शास्त्रींनी कामाला हात घातला, तो अर्थातच शास्त्रशुद्ध. झुडपांतून दगड धुंडाळले. वितीनं मोजले. एकाशी एक लावून पाहिले. बरेच नापास झाले. शेवटी अगदी सारखे तीन दगड निघाले, सख्खी भावंडंही इतकी सारखी नसतात. ते त्यांनी सारख्या अंतरावर मांडले, काटक्या पेटवल्या आणि पाण्यानं भरलेलं पातेलं वर चढवलं.

पातेलं दरीच्या बाजूला जरा कललेलं दिसलं. पण दगड तर सारखे होते. तेव्हा दोष आपल्या डोळ्यांचाच असणार, असं शास्त्रींनी ठरवलं.

“बघा महाराज. कसे आहेत दगड?”

“दृष्ट लागेल असे.”

आधण आलं. महाराजांनी सुपातल्या कण्या दोन्ही हातांनी पातेल्यात सोडल्या आणि डोळे मिटून पुटपुटले, “जिनं भिक्षेत या कण्या घातल्या तिचं भलं होवो.”

कण्या फुगल्या. उकळी वर आली आणि खालच्या काठावरून पेज भळभळा सांडायला लागली. थेट जाळावर. चरचर झाली, राख उडाली, धूर शास्त्रींच्या नाकातोंडात गेला. त्यांनी पातेलं सरळ करायला हात घातला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. पेज सांडतच होती.

“दगड सारखे आहेत हो!” शास्त्री ओरडले.

“आहेत ना.”

“मग सांडतं कसं?”

महाराज उठले. उपरण्याचा बोळा करून त्यांनी पातेल्याचा काठ उचलून धरला, पायानं दरीकडचा दगड बाजूला लोटला आणि तिथं एक भलामोठा, ओबडधोबड धोंडा सरकवला. शास्त्रींनी तो मघाशीच बघून नाकारला होता.

पातेलं टेकलं. पेज काठापर्यंत आली, थोडी घुटमळली आणि आतल्या आत शिजू लागली.

सांडलेल्या पेजेकडे पाहून महाराज म्हणाले, “चला, मुंग्यांचं जेवण झालं.”

शास्त्री भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत चुलीकडे बघत राहिले. एक दगड थोरला, दोन धाकटे. कुठल्याच मापात न बसणारी चूल, आणि पातेलं मात्र निवांत.

“पण महाराज… त्या एकालाच एवढं का?”

“उतार तिकडं आहे, लेका.”

…

वारा पडला होता. खाली दरीत कुठंतरी गुराख्याची हाळी ऐकू आली.

“सकाळी अंगाला तेल लावतोस ना?” महाराजांनी अगदी सहज विचारलं.

“हो. कोमट तेल.”

“कोमट कोण करतं?”

“ते… तयार असतं.”

“अजून असतं?”

शास्त्रींनी मान खाली घातली. “नाही. आता गारच लावतो.”

“आणि पोथीवरची धूळ?”

शास्त्री बोटानं मातीत रेघा ओढू लागले.

“तुझं ते पात्र. ते ज्या पाण्यावर सोडतोस, ते पाणी कोण भरून ठेवतं?”



शास्त्रींना घरातलं ते पाण्याचं घंगाळ दिसलं. रोज पहाटे काठोकाठ भरलेलं, स्वच्छ, त्यात एक कचरा नसायचा. इतक्या वर्षांत ते रिकामं आहे असं एकदाही झालं नव्हतं आणि ते भरतं कोण, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. पाणी असतंच, असं ते धरून चालले होते. तेल कोमट असतंच. रोग्यांसाठी ओटी सारवलेली असतेच. ज्या वाटीनं त्यांनी सगुणाला मोजून वेळ दिला, ती वाटी सगुणाच्या पाण्यावर तरंगत होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावभर नाड्या बघत हिंडले आणि ज्या हातानं घर चाललं होतं तो हात कधी हातात घेतला नाही.

शास्त्रींना लाज वाटली, फार वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या मागोमाग दुसरंच काहीतरी दाटून आलं आणि त्यानं लाजेला बाजूला सारलं. केवढं मिळालं होतं त्यांना! न मागता, न मोजता, वर्षानुवर्षं. आपण एकटेच काठीवर उभे आहोत अशा ऐटीत माणसानं जगावं आणि खाली बघितल्यावर ती काठी पेलून धरणारे दोन हात दिसावेत, तसं झालं. त्यांचे डोळे भरून वाहू लागले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

“महाराज,” ते कसेबसे म्हणाले, “तिचे फार उपकार आहेत हो माझ्यावर.”

“तिला ठाऊक आहे?”

“…नाही.”

“मग मला कशाला सांगतोस?”

शास्त्री ताडकन उठले. जोडा एक पायात, एक हातात. महाराजांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. पातेल्यातली पेज तांब्यात ओतली, वर पळसाचं पान झाकलं आणि तांब्या फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिला.

“काढा घेत नाही ना ती? ही घेते का बघ. घोट घोट दे. तुझ्या हातानं.”

“आणि तुम्ही? तुम्हाला भूक लागली होती.”

“मला बुडाची खरवड आवडते.” महाराजांनी पातेलं तिरकं करून आत बघितलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. “भरपूर आहे की! मुंग्या जेवल्या, मी जेवीन, आणि सून जेवली तर मग काय, सणच.”

शास्त्री त्यांच्या पाया पडायला वाकले, तर तांब्या हिंदकळला.

“राहू दे, राहू दे. सांडशील. जा.”

शास्त्री उतरायला लागले. उन्हं कलली होती. ही त्यांची संध्येच्या तयारीची वेळ, पण ती आज त्यांना आठवलीच नाही. दोन्ही हातांत तांब्या धरून, एकेक पाऊल जपून टाकत ते पहिल्या वळणापर्यंत गेले. तिथं थबकले. उभ्याउभ्या काहीतरी विचार केला आणि परत वर चढून आले.

महाराज खरवड खात होते.

“काय रे?”

“एवढंच एक सांगा, महाराज.” शास्त्री ओशाळून म्हणाले. सवय जुनी, ती अशी एका दुपारीत थोडीच जाते! “तिच्याजवळ… किती वेळ बसू?”

महाराज हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. उपरण्यानं ते पुसून त्यांनी शास्त्रींच्या गालावरून हात फिरवला.

“ती म्हणेल, ‘पुरे आता, तुम्ही जा’… तेव्हा ऐकू नकोस.”