झोपेचं सोंग

कोठावळेबाई नववीच्या पोरांना अभिनय शिकवायच्या. पहिलाच धडा झोपेचा, म्हणून सगळी पोरं सतरंजीवर आडवी. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष दाजीसाहेब आत घुसले. माणूस कसला, नुसता मिशीचा भार!

"शाळेत झोपा काढताय? आजपासून हा वर्ग बंद!"

"साहेब, झोप नाही, अभिनय आहे."

"बघतोच!" म्हणत दाजीसाहेब बेंबीच्या देठापासून ओरडले, काठी आपटली. एकीच्या नाकावर माशी बसली. बाईंचा जीव टांगणीला लागला, पण पोरीची पापणी हलली नाही.

"मेल्यागत झोपलीत! आता बोला."

"झोपली असती तर केव्हाच उठली असती, साहेब. झोपेचं सोंग घेतलेल्याला अध्यक्षांनाही उठवता येत नाही."

कोपऱ्यात एक पोर मुद्दाम घोरलं. वर्ग बंद करायचा राहिला, आणि दाजीसाहेब काठी बगलेत मारून चालते झाले.