आत उघडणारं दार

पाहुणे हो, माळ चढून आलात तर आधी एवढं सांगा: राखणीचं काम कोणावर सोडाल, कुलपावर की माणसावर? उत्तराची घाई नको. कुलूप विकणारा कुलूपच बरं म्हणणार, आणि घोंगड्यांच्या जोडीनं आम्ही पेठेत कुलपंही पुष्कळ विकली आहेत. पण सावरखेडीच्या माणसाला विचाराल तर तो सरळ या माळावरचा मेंढवाडा दाखवील.

तो बघा. छातीएवढ्या दगडी भिंती, वर बोराटीचे काटे, आणि पूर्वेला माणूस आडवा निजेल एवढं मोकळं तोंड. त्याला चौकट नाही, फळी नाही. इथं दार लावत नाहीत. म्हणजे एकदाच लावलं होतं, आणि ते कसं निघालं याची ही हकिकत.

फार मागची गोष्ट सांगतात. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच होती. पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, तालुक्याहून अधूनमधून येत. एरवी मंडळीचं सगळं पाहायचे दाविददादा, मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी. माणूस सरळ, पण ताकही फुंकून पिणारा. साऱ्या घरांच्या मेंढरांचा मिळून एक कळप होता. पाऊस दगा देई त्या साली चूल पेटायची ती त्या कळपाच्या जिवावर. कळप राखायचा एलिया. दिवस मावळायला तो मेंढरं आत घाली आणि तोंडात घोंगडी टाकून आडवा होई. बाहेर जाणाऱ्या मेंढराला त्याच्या अंगावरून जावं लागे, आणि आत येऊ पाहणाऱ्या जनावरालाही. तोच दार होता म्हणा ना.

एका कोरड्या साली सकाळी दोन कोकरं कमी भरली.

"लांडगा हाय, दादा," एलिया म्हणाला. "मागल्या भिताडाला माती साचलीया. तिथनं उडी टाकली त्यानं."

रक्ताचा थेंब नाही, लोकरीचा पुंजका नाही, आणि त्या भागात लांडगा कोणी बघून वर्षं लोटली होती. घोळक्यातलं कोणीतरी म्हणालं, "लांडगा व्हय? मग त्याला पाय किती व्हते रं, दोन का चार?"

सगळे हसले. दाविददादा हसले नाहीत, पण त्यांनी कोणाला गप्पही केलं नाही. हसणं विरलं, संशय तेवढा उरला. व्यापारात आम्ही बघतो ना, माप एकदा खोटं म्हटलं की मग खरं मापही कोणाला पटत नाही.

दादांनी केरबा सुताराला बोलावलं. बाभळीच्या जाड फळ्यांचं दार करायला सांगितलं.

"दादा, उघडायचं कुणीकडं? आत का भाईर?" केरबानं विचारलं.

"घराचं दार आतच उघडतं की. तसंच बसव."

एलिया बाजूलाच उभा होता. "दादा, मेंढरू बुजलं म्हंजी..."

"तुला कोणी विचारलं का?"

दार बसलं, कुलूप चढलं, किल्ली दादांच्या करदोट्याला गेली. "आता घरी नीजत जा," दादा म्हणाले, "तुझी कंबरही धरते." कंबरेची काळजी किती खरी होती ते अवघ्या गावाला समजलं.

त्या दिवसापासून कुलूप लागल्यावरही एलिया घरी जात नसे. समोरच्या खडकावर बसून राही. माळ उतरताना दादांना तो तिथं बसलेला दिसे, आणि त्यांच्या मनात येई, चोराची नजर मालावरच असायची.

पुढं एका रविवारी सांजेच्या उपासनेत दादांनी मुद्दाम मेंढपाळाचा धडा काढला म्हणे. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो, आणि भाड्याचा राखणदार लांडगा दिसला की पळतो, असं प्रभूनं सांगितलंय ना, तोच. भाड्याच्या राखणदारापाशी आल्यावर दादा जरा थांबले आणि त्यांनी एलियाच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मंडळीनंही पाहिलं.

तेवढ्यात माळावरून एलियाची हाक आली. "लांडगंऽऽ! आत पडल्यात! किल्ली आणाऽऽ!"

गडी काठ्या घेऊन धावले. दादा सगळ्यांच्या पुढं होते. उजेड अजून पुरता गेला नव्हता. मागच्या भिंतीवरचे काटे विस्कटलेले होते, आतून गुरगुर ऐकू येत होती. दादांनी कुलूप काढलं आणि दार ढकललं.

दार हललं नाही.

खांदे लागले, पाठी लागल्या, तरी बोटभर फट पडेना. बुजलेलं मेंढरू वाटेकडं धावतं. सगळा कळप दाराला येऊन भिडला होता, एकावर एक चढला होता. मागून लांडगे रेटत होते, पुढून फळी. वरच्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. खालच्यांचं हळूहळू बंद पडत चाललं होतं.

"कुऱ्हाड! अरे, कुऱ्हाड आणा कुणीतरी!" दादा ओरडले. कुऱ्हाड गावात होती.

एलिया त्यांच्याजवळ आला. घोंगडी त्यानं डाव्या हाताला गुंडाळली होती. "दादा, म्या त्यांस्नी मागं बलावतो. दार सैल पडलं की ढकला. माझ्याकडं बघत बसू नगा."

"मागं? अरे, मागं लांडगे आहेत!"

"म्हून तर म्या तिथं हुबा ऱ्हातो."

तो वळसा घालून गेला आणि काट्यांवरून आत उतरला. दादांनी फळीला कान लावला. आतून रोजची हाक आली, चरून परतताना असायची तशी, सावकाश: "हिर्रर्र... या गं, या... हिर्रर्र..."

क्षणभर आतलं सगळं थबकलं. मग दादांना दारावरचा भार कमी होताना जाणवला. मेंढरं वळत होती. जिकडं लांडगे होते तिकडंच निघाली होती, कारण हाक तिकडून येत होती. मधेच हाक चिरकली, अडखळली, पुन्हा लागली.

"ढकला!" दादांनी आरोळी दिली.

दार उघडलं. काठ्या आत शिरल्या, तसे लांडगे भिंतीवरून पसार झाले. एलिया मागच्या भिंतीला टेकून उभा होता. घोंगडीच्या चिंध्या झाल्या होत्या. त्याच्या मानेकडं कोणाला बघवेना. आणि कळप त्याच्या पायांशी गोळा झाला होता.

त्याला उचलून दाराच्या तोंडापर्यंत आणलं. पुढं नेऊ देईना. "हितंच ठिवा," म्हणाला. मग विचारलं, "दादा, समदी हायती का?"

दाराशी चेंगरून मेलेली मेंढरं दादांच्या पायापाशीच पडली होती. जाणाऱ्या जिवाला कशाला दुःख द्यायचं, असं त्यांना वाटलं. "आहेत रे. सगळी आहेत."

एलियानं डोळे मिटले. "काळतोंडी हाकंला आली न्हाई. हिसाब खरा द्या, दादा."

दादांना तर कळपातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक मेलेली मेंढी चाचपून सांगू लागले. "काळ्या तोंडाची गेली, एलिया. एकीचा कान फाटलेला आहे."

"ती भोरी."

"एक पायानं अधू."

"ठुमकी. तिला कोकरू हाय, बगा. त्याला दुसरीच्या आचळाला लावा."

असा सगळा हिशेब झाला. तरी दादा उठेनात. "आणि ती आधीची दोन कोकरं," ते म्हणाले, "ती लांडग्यानंच नेली होती."

"ते मला ठावं व्हतं की," एलिया म्हणाला. "मंडळीला सांगा."

दादांनी तिथंच, सर्वांसमोर सांगितलं. दार लांडग्यासाठी नव्हतं, एलियासाठी होतं, हेही सांगितलं. उजाडायच्या आत एलिया गेला. सकाळी मेंढरं त्याच्या अंगावरून एकामागून एक बाहेर पडली आणि एकाही खुराचा त्याला धक्का लागला नाही, असं म्हणतात.

केरबानं ते दार उतरवलं. दादांनी ते जाळू दिलं नाही. त्याचं प्रभुभोजनाचं, म्हणजे उपासनेत भाकर मोडायचं, मेज करून घेतलं. आजही खाली प्रार्थनामंदिरात तेच मेज आहे. कापड उचललंत तर कुलपाच्या कोयंड्याची भोकं दिसतील. आणि आजही सावरखेडीला नवा पाळक आला की पहिल्या उपदेशाआधी त्याला सांजेला या तोंडात घोंगडीवर आडवं व्हावं लागतं. कळप त्याच्या अंगावरून आत जातो. मग उठून त्यानं मंडळीतलं एकेक नाव कागद न बघता घ्यायचं: आजारी असलेल्यांचं, रुसून बसलेल्यांचं, गाव सोडून गेलेल्यांचंही. एखादं नाव राहिलं तर मागून कोणी म्हातारी हमखास ओरडते, "साहेब, काळतोंडी कुठंय?" लोक हसतात, पण पाळक आठवेपर्यंत कोणी जागचं हलत नाही.

चला, उतरू आता. जाता जाता आमचं एक ऐका. तुमच्याही हवाली कोणी ना कोणी असेल: लेकरं, दुकानातले गडी, म्हातारे आईबाप. त्यांचा हिशेब खरा ठेवा. आणि कमी कोण आहे असं कोणी विचारलं, तर सगळे आहेत असं म्हणू नका, नाव सांगा.