तेरा वसाहतींची सनद आणि कप्तान

राजाला घालवून दिल्यावर त्याच्या रिकाम्या जागी काय ठेवावे, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? दुसरा राजा ठेवावा, तर पहिल्याला घालवले कशाला? काहीच ठेवू नये, तर चार माणसांतले भांडण मिटवायचे कोणी?

फार पूर्वी, महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर तेरा वसाहती होत्या. त्यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

त्यांचा राजा समुद्रापार राहत असे. त्याने ती माणसे कधी पाहिली नव्हती, आणि त्या माणसांनी त्याला पाहिले होते ते फक्त नाण्यावर. तरी तो त्यांच्यावर कर बसवी, त्यांच्या घरांत आपले शिपाई उतरवी, आणि कोणी तक्रार केली तर त्याला मनाला येईल तितके दिवस कोठडीत ठेवी. शेवटी तेराही वसाहती एक झाल्या आणि लढल्या. राजाचे सैन्य आले तसे जहाजांत बसून परत गेले.

मग या लोकांनी एक चूक केली, आणि ती त्यांनीच करावी अशी होती. सत्तेची त्यांना इतकी भीती बसली होती, की आपण नेमलेल्या सामाईक मंडळाला त्यांनी कसलीच सत्ता दिली नाही. मंडळाने फक्त विनंती करावी. मानायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, खडकाळ भूशिरावर एक दीपस्तंभ होता. त्याच्या उजेडात तेराही वसाहतींची जहाजे बंदर गाठत. दिव्याला देवमाशाचे तेल लागे. मंडळाने सर्वांना कळवले, "तेल पाठवा."

दक्षिणेकडून उत्तर आले, "दिवा तुमच्या दारात जळतो. तेल तुम्ही घाला."

उत्तरेकडून उत्तर गेले, "जहाजं तुमची येतात. तेल तुम्ही घाला."

मधल्या वसाहतींनी उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही.

दिवा विझला. पहिल्याच वादळात धान्याने भरलेले एक जहाज खडकावर फुटले. त्या जहाजावर एका नामांकित कप्तानाचा धाकटा भाऊ होता.

हा कप्तान युद्धात गाजलेला होता. तो धाडसी होता, निर्लोभी होता, आणि कोणाचे मिंधेपण त्याला ठाऊक नव्हते. लाटांनी भावाचे प्रेत वाळूवर आणून टाकले, तेव्हा त्याने अंधाऱ्या दीपस्तंभाकडे पाहून शपथ घेतली, "देवा, तुझ्या साक्षीनं सांगतो, हा दिवा मी पुन्हा विझू देणार नाही."

शपथ चांगली होती. परंतु चांगल्या शपथेतही पाप शिरायला फट असते, हे त्याला अजून कळायचे होते.

त्या दुर्घटनेनंतर सर्वांचेच डोळे उघडले. प्रत्येक वसाहतीने आपली माणसे निवडून एका दिवाणखान्यात पाठवली. कप्तानही त्यांत होता. दिवस कडक उन्हाळ्याचे होते. तरी ईश्वराची प्रार्थना संपताच एका वृद्ध शास्त्र्याने उठून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

कप्तान घाम पुसत म्हणाला, "शास्त्रीबुवा, थोडी हवा तरी येऊ द्या. आपण काय चोरी करतोय?"

शास्त्री म्हणाले, "खिडकी उघडी असली की माणूस समोरच्याशी बोलत नाही, रस्त्याशी बोलतो. आणि रस्त्याला एकदा ऐकवलेलं मागे घ्यायची त्याला लाज वाटते. इथं तर आपल्याला रोज मत बदलायचंय."

कप्तानाला हे नवल वाटले. मत बदलणे हा त्याला आजवर दुबळेपणा वाटत आला होता. तो लक्ष देऊन ऐकू लागला.

भांडणे खूप झाली. मोठ्या वसाहतीचा एक धनिक म्हणाला, "ज्यांची माणसं जास्त, त्यांची मतं जास्त. ह्या चिमुकल्या वसाहतीत माणसांपेक्षा मेंढ्या अधिक. त्यांनाही मत द्यायचं का?"

चिमुकल्या वसाहतीचा म्हातारा म्हणाला, "द्या की. आमच्या मेंढ्यांत निदान एका वेळी एकच बोलते."

सगळे हसले, धनिकही हसला. आणि हसण्याच्या भरात वाट सापडली. पुढे नियम करणाऱ्या सभेची दोन सभागृहे करावीत. एकात माणसांच्या संख्येप्रमाणे मते असावीत, दुसऱ्यात लहानमोठ्या सर्व वसाहतींना सारखी.

मग कप्तान उठला. "मंडळी, मी दर्यावर्दी माणूस. मला एवढंच कळतं, की जहाजावर दोन कप्तान नसतात. एका खंबीर माणसाच्या हाती सगळं द्या. तो तेल आणवील, तो दिवा लावील, आणि तोच भांडणं मिटवील."

शास्त्री म्हणाले, "कप्तान, जहाज बंदराला लागलं की उतारू उतरून घरी जातात. राज्यातून उतरून जायचं कुठं?"

कप्तानाने कुतूहलाने विचारले, "मग तुम्ही काय कराल?"

"सत्ता एका पेटीत ठेवायचीच नाही. नियम सभेनं करावेत. त्यांची अंमलबजावणी कारभाऱ्यानं करावी. आणि दोघं सनदेला धरून वागले की नाही, हे न्यायाधीशांनी सांगावं. कारभारी चुकला तर सभेनं त्याला जाब विचारावा. अपराध ठरला तर पदावरून काढावं."

"तिघं एकमेकांशी भांडत बसतील!"

"बसू देत. ते तिघं भांडतात तोवर प्रजा निवांत झोपेल."

"आणि कारभारी म्हणून एखादा देवमाणूस मिळाला तर?"

शास्त्री म्हणाले, "तर आपण देवाचे आभार मानू. पण सनद त्याच्या मागून येणाऱ्यासाठीही लिहायची असते. आणि खरं सांगू? देवमाणसाचाही एखादा दिवस वाईट असतो."

उन्हाळा सरता सरता सनद लिहून झाली. तिच्यात सगळेच काही बसले नव्हते. शेतांवर गुलाम म्हणून राबणाऱ्यांचा प्रश्न त्या शहाण्या माणसांनी जाणून टाळला, आणि त्या पापाची जबर किंमत त्यांच्या नातवंडांना मोजावी लागली. पण ती कथा वेगळी.

सनद लोकांना मान्य झाल्यावाचून लागू होणार नव्हती. ती गावोगावच्या चौकांत वाचली जाऊ लागली. उत्तर भूशिरावर ती वाचायला कप्तान स्वतः गेला. "आम्ही, या तेरा वसाहतींतील लोक," असा तिचा आरंभ होता.

इतक्यात मेणबत्त्या करणारी एक विधवा पुढे आली. "हे 'लोक' म्हणजे कोण, हो? मी आहे का त्यात?"

चौकात हशा पिकला. कप्तान हसला नाही. तो म्हणाला, "आहात की, बाई. तुम्हीही आहात."

"मग राजाच्या शिपायांनी माझ्या नवऱ्याला उचलून नेलं आणि तो कोठडीतच मेला. उद्या तुमचा कारभारी मला तसं नेणार नाही, हे कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा."

कप्तानाने सनद वरपासून खालपर्यंत पाहिली. ते कुठेच लिहिलेले नव्हते. बंद खिडक्यांआड बसलेल्या इतक्या विद्वानांपैकी कोणालाही ते सुचले नव्हते.

भूशिरावरचे लोक म्हणाले, "ते लिहा, मग आमची संमती."

कप्तानाने भर चौकात वचन दिले, "माझ्या भावाची आण. मी ते लिहवून घेईन." त्याने वचन पाळले. सनदेला कलम जोडले गेले: न्यायाधीशांपुढे उभे केल्यावाचून कोणालाही कोठडीत ठेवता किंवा शिक्षा करता येणार नाही.

सनद लागू झाली. लोकांनी पहिला कारभारी म्हणून एकमुखाने कप्तानाला निवडले. सनदेवर हात ठेवून त्याने ईश्वरासमक्ष शपथ घेतली. त्याच्या शिपायांनीही घेतली. सभेने दरवर्षी ठरवून द्यावे, त्याप्रमाणे प्रत्येक वसाहतीने तेल द्यावे, आणि कारभाऱ्याने ते गोळा करावे. दिवा पेटला. जहाजे येऊ लागली. राजाच्या जागी कागद ठेवून राज्य चालते तरी कसे, हे पाहायला दूरदूरचे प्रवासी येत आणि चकित होऊन परत जात.

पुढे एका वर्षी देवमासे मिळाले नाहीत. तेलाची टंचाई झाली. कोणी किती तेल द्यावे, यावर सभेत वाद पेटला. कप्तान सभेत गेला.

"तेल संपत आलंय. वादळ येणार. लवकर ठरवा."

सभापती म्हणाले, "कारभारी, खालच्या सभागृहानं ठरवलंय. वरचं सभागृह उद्या ठरवील. एक दिवस धीर धरा."

कप्तानाने बाहेर येऊन आकाश पाहिले. समुद्रावर काळे ढग चढत होते. त्याला वाळूवर पडलेला भाऊ दिसला. त्याने शिपायांना हाक दिली आणि सभेच्या हुकुमाविना भूशिरावरची तेलाची कोठारे फोडायला सुरुवात केली.

शेवटचे कोठार मेणबत्त्या करणाऱ्या त्या विधवेचे होते. ती दारात उभी राहिली.

"कारभारी, हुकूम सभेचा आहे का?"

"माझा आहे. बाजूला व्हा."

"तुमचा? मग राजेसाहेब, मुकुट घरी विसरलात वाटतं!"

मागे उभा असलेला एक शिपाई फिस्सकन हसला. दुसराही हसला. कप्तानाचा चेहरा लाल झाला. तो ओरडला, "हिला कोठडीत टाका!"

तेल मिळाले. दिवा जळला. वादळात सापडलेली जहाजे सुखरूप बंदरात आली, आणि धक्क्यावर लोकांनी कप्तानाचा जयजयकार केला. दुसऱ्या दिवशी सभेनेही तेल घेतल्याबद्दल त्याला ताकीद देऊन तो विषय मिटवला. सगळे सुरळीत झाले. फक्त ती बाई कोठडीत राहिली.

तिच्या शेजाऱ्यांनी न्यायाधीशांकडे अर्ज केला. न्यायाधीशांनी आज्ञा पाठवली, "बाईंना माझ्यापुढे उभे करा, नाही तर सोडा."

कप्तानाने विचार केला: सोडली, तर जिने चौघांत माझी थट्टा केली तिचेच खरे ठरले, असे होईल. त्याने उलट निरोप पाठवला, "माझ्याजवळ शिपाई आहेत. न्यायाधीशांजवळ काय आहे?"

न्यायाधीशांचे उत्तर आले, "सनद."

कप्तान हसला आणि कोठडीवरच्या नाईकाला म्हणाला, "दार उघडायचं नाही." हा नाईक युद्धात त्याच्या खांद्याला खांदा लावून लढला होता.

नाईकाने मान खाली घातली. "कप्तान, तुम्ही म्हणाल तर आजही मी समुद्रात उडी घेईन. पण शपथ आम्ही तुमच्या नावाची घेतली नव्हती." त्याने कोठडीचे दार उघडले, आणि बाईला हात देऊन बाहेर आणले.

मग सभेने कारभाऱ्याला जाब विचारला. न्यायाधीश आसनावर बसले. कप्तान ताठ मानेने म्हणाला, "मी जे केलं ते दिव्यासाठी केलं. जहाजं वाचली, हे विसरू नका."

न्यायाधीश म्हणाले, "तेल दिव्यासाठी होतं. कोठडी कशासाठी होती?"

कप्तान भित्रा नव्हता, आणि खोटारडाही नव्हता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "शिपाई हसले. मला ते सोसलं नाही."

वृद्ध शास्त्रीही सभेत होते. त्यांचे मत विचारले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, पण त्यांनी न अडखळता सांगितले, "अपराधी." एकामागून एक सगळ्यांनी तेच सांगितले. मग न्यायाधीशांनी सनदेतली शिक्षा वाचून दाखवली.

बाहेर, ज्यांची कोठारे फुटली होती ती भूशिरावरची माणसे जमली होती. "त्याला खडकावर नेऊन सोडा! लाटा बघून घेतील!" असा गलका उठला. काहींच्या हातांत दोर होते. कप्तान दारात आला, तसा जमाव पुढे सरकला.

तेव्हा ती विधवा पायरीवर चढली आणि जमावाकडे तोंड करून उभी राहिली. "खबरदार! ह्यांना न्यायाधीशांनी शिक्षा सांगितली आहे. तिच्यापलीकडे कोणी बोट लावायचं नाही. सनदेत 'कोणालाही' असं लिहिलंय. त्यात हे येत नाहीत का?"

दोर खाली आले. जमाव दुभंगला. ज्या कलमाचा कप्तानाने भंग केला होता, त्याच्याच आधाराने तो त्या गर्दीतून जिवंत चालत घरी गेला.

सनदेत होती तेवढीच शिक्षा त्याला झाली. तीत कोणी कणभर भर घातली नाही, की कणभर सूट दिली नाही. त्याचे पद गेले, आणि तेरा वसाहतींत कोणतेही अधिकाराचे पद धारण करण्याचा हक्क त्याने कायमचा गमावला. त्यानंतर तो पुष्कळ वर्षे जगला. दिवा रोज लागत असे. परंतु ज्या दिव्यासाठी त्याने शपथ घेतली होती, त्यात थेंबभर तेल घालण्याचा हुकूम देण्याचा अधिकार मरेपर्यंत त्याला पुन्हा मिळाला नाही.

तात्पर्य: चांगल्या हेतूने हाती घेतलेली सत्ताही अहंकाराला वश होऊ शकते, म्हणून जो स्वतः सज्जन आहे, त्यानेच सर्वांआधी कायद्याची मर्यादा मानावी.