गडग्याबाहेरच्या सात पायऱ्या

"...पण बुवा, त्या सात पायऱ्या माझ्या आहेत का? एवढंच सांगा."

त्र्यंबक मुळ्ये चौथ्यांदा तेच विचारत होता. राघोबुवा मठाच्या ओसरीवर नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, सोलत बसले होते. काथ्या एका बाजूला पडत होता.

त्र्यंबकाची सगळी नोकरी जमीनमोजणीत गेली होती. निवृत्त होऊन कोकणातल्या या आपल्या गावी आला आणि पहिलं काम त्यानं काय केलं, तर स्वतःच्या आवाराची मोजणी. कोपऱ्यांवर दगड रोवले, नकाशा काढला. दुसरं काम, बुवांचं शिष्यत्व पत्करलं. दोन्ही अगदी मन लावून केलं, त्यात खोट काढायला जागा नाही.

त्याच्या आवाराच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागूनच जांभ्या दगडाची पाखाडी, पायऱ्यांची वाट, वर वाडीकडे चढते. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. ज्याच्या गडग्याजवळून पाखाडी जाते, त्या घरानं तेवढ्या पायऱ्या घासायच्या, असा गावाचा रिवाज. लिहून कुणी ठेवलेला नाही. त्र्यंबकाचे वडील दर श्रावणात न चुकता घासायचे.

त्र्यंबकानं नकाशा पाहिला. त्या सात पायऱ्या हद्दीबाहेर होत्या. त्यानं त्या सोडून दिल्या.

यंदा वरच्या घरातली येसू त्यातल्या चौथ्या पायरीवरून घसरली. डोक्यावर भरलेली कळशी होती. दोन दिवस शुद्धीवर आली नाही, तिसऱ्या दिवशी गेली. काल तिचा तेरावा झाला.

मागे राहिला तिचा म्हातारा, भागोजी. त्याला उजेड आणि सावली, एवढंच दिसतं. येसूच त्याचा हात धरून त्याला खाली आणायची, वर न्यायची.

तेव्हापासून त्र्यंबकाला झोप नव्हती. दोष तुझा नाही, असं कुणीतरी म्हणावं, म्हणून जीव तुटत होता. बुवांनी म्हटलं असतं तर तो घरी जाऊन निजला असता.

"नकाशा आणलाय मी, बुवा. बघता का?"

"अंगण काय म्हणतंय तुझं?"

"अंगण? रोज दोनदा झाडतो. शेवाळाचा ठिपका सापडायचा नाही."

"बरं..."

"तुम्हीच शिकवलंत ना, 'माझं नाही' म्हणायला. रोज पहाटे बसतो मी म्हणत."

"अंगणाला म्हणालास कधी?"

त्र्यंबक नकाशाची घडी चाळवू लागला.

"गावात कुणी बोललं तुला काही?"

"कुणी चकार शब्द काढला नाही, तेच तर... काल भागोजीतात्यांनी जेवायला बोलावलं. पानावर बसलो, पण घास उतरेना."

बुवांनी आणखी एक सोडण सोललं.

"शेवाळ आहे का अजून?"

"कुठं?"

"पायऱ्यांवर."



इतक्या दिवसांत नकाशा त्यानं एवढ्या वेळा उलगडला होता, की घडीवर कागद विरला होता. तालुक्याला जाऊन वकिलालाही विचारून आला होता. पायऱ्यांकडे मात्र बघायची हिंमत झाली नव्हती. येता-जाता तो मागच्या दारानं, लांबच्या वाटेनं जायचा.

"ठाऊक नाही..." तो म्हणाला.

बुवा काठी टेकत उठले. सोललेल्या काथ्याचा एक बोळा त्यांनी त्र्यंबकाच्या हातात दिला.

"चल."

पाऊस नुकताच उघडला होता. पाखाडीच्या वळणावर त्र्यंबकाला आवाज ऐकू आला. खर्र... खर्र...

वरच्या तीन पायऱ्या लाल निघाल्या होत्या. चौथीवर भागोजी बसला होता. एका हातानं दगड चाचपत होता, दुसऱ्या हातानं सोडण घासत होता. जिथं बोटांना बुळबुळीत लागे, तिथं पुन्हा घासत होता.

पावलं ऐकून त्याचा हात थांबला.

"कोन?"

"मी... त्र्यंबक."

म्हातारा लगबगीनं अंग चोरून गडग्यापासून दूर सरकला.

"भाऊनू, मी तुमच्या हद्दीत नाय ना आलो? येवडी झाली का जातो वर."

आवाजात राग असता तर त्र्यंबकानं तो सोसला असता. राग नव्हता. भागोजी खरोखरच विचारत होता.

त्र्यंबक त्याच्यासमोर ओल्या दगडावर बसला. नकाशा खिशातून निसटून पाण्यात पडला, तो त्यानं उचलला नाही.

"तात्या, तुम्ही उठा. मी घासतो. या पायऱ्या माझ्या आहेत."

तोंडातून एकदाचं ते वाक्य बाहेर पडलं.

भागोजीनं दगड चाचपला आणि पुन्हा घासू लागला. खर्र... खर्र...

त्र्यंबकाच्या हातातला काथ्या तसाच राहिला. त्यानं वळून वर पाहिलं. डोळे भरून आले होते.

"बुवा, सांगा ना त्यांना. माझ्या आहेत म्हणून."

बुवा गडग्याला टेकून उभे होते. त्यांची नजर त्या घासणाऱ्या हातावर होती.

"आता त्या त्याच्या झाल्या, त्र्यंबक. मागून बघ, देतो का."