हाऊसफुल्लची पाटी

शहरात चौकाचौकात थिएटरं होती, तेव्हाची गोष्ट. रत्नमाला टॉकीजच्या 'हाऊसफुल्ल' पाटीला वाटायचं, आपण लागलो की गर्दी होते. पुढे गर्दी ओसरली, एकेक थिएटर बंद पडलं.

डोअरकीपरची बॅटरी म्हणाली, "बाई, आत आता उंदीरच बसतात."

पाटी फणकारली, "मला सकाळीच लावत नाहीत, म्हणून."

मालक गुलाबशेठनाही हे पटलं. "गर्दी दिसली की लोक येतात," म्हणत त्यांनी पाटी सकाळपासूनच टांगली. आलेली चार माणसं ती वाचून परत गेली.

वर्षभरात थिएटर पाडून तिथे मॉल झाला. पाटी आता त्याच्या पार्किंगच्या फाटकावर असते.

"बघ," ती वॉचमनच्या हातातल्या त्याच बॅटरीला सांगते, "मला नीट जागी लावलं, तर गर्दी झालीच की."